आज आणि आजअखेर

साखर कारखान्याचा दैनिक अहवाल दोन रकान्यांत चालतो. एकावर ‘आज’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘आजअखेर’. गाळप, उतारा, पोती, बंद तास, बगॅस, वीज, जे काही मोजलं जातं ते याच दोन रकान्यांत बसवलेलं. कृष्णाकाठच्या एका सहकारी कारखान्याच्या संगणक विभागात मी नोकरीला लागले तेव्हा हा अहवाल डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापून सकाळी वाटला जायचा आणि त्यातले मोजके आकडे मुख्य ऑफिसबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिले जायचे. उसाची चौकशी करायला आलेला सभासद आधी फळा वाचायचा, मग आत यायचा. ‘उतारा किती चाललाय?’, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघतेय, हा प्रश्न आमच्या भागात लग्नाच्या मांडवातही विचारतात.

पुढे संचालक मंडळाने डॅशबोर्ड करायचा ठराव केला आणि काम माझ्याकडे आलं. कार्यकारी संचालकांची अट एकच होती : “मॅडम, सकाळी चहा घेताना एका पानावर कारखाना दिसला पाहिजे.” प्रत्येक खात्याने आपापली यादी पाठवली. त्या एकत्र केल्या तर एका पानाची पानंच्या पानं होत होती. मग मी प्रत्येक खातेप्रमुखाकडे जाऊन एक प्रश्न विचारायला लागले : हा आकडा उद्या सकाळी वाईट दिसला, तर तुम्ही उठून काय करणार? ज्याला उत्तर होतं तो आकडा राहिला. ‘नुसती माहिती असावी’ असं उत्तर आलं, तो छापील अहवालातच ठेवला. या चाळणीने एक अडचण लगेच उघडी केली. सगळ्यांना सर्वांत मोठ्या अक्षरांत हवा होता तो उतारा, आणि उताऱ्याबद्दल या प्रश्नाचं सरळ उत्तर कुणाकडेच नव्हतं.

उताऱ्याचं मोल काय, ते आधी सांगते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. शंभर टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला, दशांश चिन्हानंतरचा पहिला आकडा एकाने बदलला की साडेतीन हजारांच्या आसपास फरक पडतो. कारखान्याच्या बाजूने पाहिलं, तर हंगामात दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात ०.१ टक्का म्हणजे दहा हजार क्विंटल साखर. २०१९ मध्ये ठरलेल्या किलोला ३१ रुपये या किमान विक्री दराने धरली तरी तीन कोटी दहा लाखांची.

डॅशबोर्ड दाखवायला आलेल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या नमुन्यात हा उतारा एका गोल तबकडीवर होता. शून्यापासून पंधरापर्यंत खुणा आणि मध्ये काटा. त्यावर १०.८२ आणि १०.९१ यांत डोळ्याला फरकच दिसत नव्हता. दहा लाख टनांच्या हिशेबाने ते अंतर नऊ हजार क्विंटलचं आहे. शेजारीच आजचं गाळप मात्र किलोपर्यंत, दशांशानंतर तीन स्थळं देऊन दाखवलेलं. कुठल्या आकड्याला किती बारकाई हवी, हे त्या धंद्यात राबलेल्या माणसालाच कळतं आणि डॅशबोर्डचं अर्धं काम तिथेच असतं. उताऱ्याला दोन दशांश स्थळं हवीत. गाळपाला एकही नको, पूर्ण टन पुरेत. तबकडीबद्दलचं माझं मत पुढे स्टीफन फ्यू यांचं २००६ सालचं डॅशबोर्डवरचं पुस्तक वाचून पक्कं झालं. तबकडी जागा फार खाते आणि सांगते थोडं, असं त्यांचं म्हणणं. तिच्याऐवजी त्यांनी सुचवलेल्या आडव्या पट्टीवर आकडा, लक्ष्य आणि बऱ्या-वाईटाचे टप्पे एकत्र दिसतात. गाळपासाठी आम्ही ती पट्टी घेतली. उताऱ्यासाठी साधा रेघेचा आलेख ठेवला आणि त्याचा उभा अक्ष मुद्दाम शून्यापासून सुरू केला नाही. खांबांचा आलेख शून्यापासूनच हवा, कारण तिथे डोळा उंची मोजतो. रेघेत तो चढ-उतार पाहतो.

खरी गुंतागुंत यापुढची. आजचा उतारा हा पूर्णपणे मोजलेला आकडा नसतो, हे कारखान्याबाहेरच्या माणसाला पटकन पटत नाही. पोत्यात भरलेली साखर मोजता येते. ऊस काट्यावर मोजता येतो. पण मिल आणि पोतं यांच्यामध्ये रस, सिरप, पॅनमधलं आणि क्रिस्टलायझरमधलं मॅसेक्युइट (साखरेचे कण आणि मळी यांचं दाट मिश्रण) असा मोठा माल वाटेत असतो. त्यात किती साखर आहे, ते टाक्यांच्या पातळ्या आणि शुद्धता पाहून केमिस्ट ठरवतो. तो जाणता अंदाज असतो, पण अंदाजच. आज प्रोसेसमधला माल थोडा जास्त धरला गेला, तर आजचा उतारा फुगतो आणि उद्याचा तेवढाच बसतो. शेवटचा, कुणालाही न हलवता येणारा उतारा हंगाम संपून प्रोसेस रिकामी झाल्यावरच हाती येतो.

फळ्यावर खडूने लिहिलेला १०.७४ आणि मोठ्या पडद्यावर ठळक, चमकदार अक्षरांत झळकणारा १०.७४ यांत आकडा तोच असतो, पण पडद्यावरच्याला नसलेली खात्री चिकटते. माणसं त्याच्याकडे निकाल म्हणून पाहतात. आदल्या दिवसापेक्षा तो ०.०८ ने खाली दिसला की चीफ केमिस्टांचा फोन वाजायचा आणि त्या फोनवर सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नसायचं. म्हणून मी ‘आज’चा उतारा फिकट, लहान अक्षरांत ठेवला, त्याच्या अंगावरच ‘अंदाज’ असं लिहिलं आणि ठळक रेघ सात दिवसांच्या भारित सरासरीची काढली. तिच्याभोवती एक फिकट पट्टा आहे. मागच्या हंगामांत रोजचा उतारा सहजपणे जितका वर-खाली होत आला, तेवढी त्याची रुंदी. आकडा पट्ट्याच्या आत हलत असेल तर फोन करण्यासारखं काही नाही. बाहेर गेला, किंवा सलग कितीतरी दिवस एकाच बाजूला राहिला, तर शोध घ्यायचा. ही कल्पना अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या उद्योगासाठी १९२४ साली मांडली. शंभर वर्षांनंतरही कितीतरी महागड्या डॅशबोर्डांत ती सापडत नाही. लाल आणि हिरवा बाण मात्र प्रत्येकात असतो.

भारित सरासरीचा उल्लेख केला, तर त्यावर थोडं थांबते. एका दिवशी पाच हजार टन गाळप आणि ११ टक्के उतारा, दुसऱ्या दिवशी मिल बंद पडल्यामुळे दोन हजार टन गाळप आणि १० टक्के उतारा. दोन उताऱ्यांची बेरीज करून दोनाने भागलं की १०.५० येतात. खरी साखर ५५० आणि २०० मिळून ७५० टन, ऊस सात हजार टन, म्हणजे उतारा १०.७१. सॉफ्टवेअरला सरासरी काढ म्हटलं की ते पहिला हिशेब करतं, तक्रार न करता. टक्केवारीची सरासरी कधी काढायची नाही, वरची बेरीज आणि खालची बेरीज वेगवेगळी करून मग भागायचं, हा नियम मी विभागातल्या प्रत्येक नव्या मुलामुलीला पहिल्या आठवड्यात शिकवते.

तशीच कटकट तारखेची. काट्यावरच्या संगणकाची तारीख मध्यरात्री बदलते. कारखान्याचा दिवस सकाळी, पाळी बदलताना बदलतो. त्यातून काट्यावर आलेला सगळा ऊस त्या दिवशी गाळला जात नाही. काही केनयार्डात उभा असतो. गाळप म्हणजे कालचा यार्डातला शिल्लक ऊस, अधिक आज आलेला, वजा आज शिल्लक राहिलेला. हे जुळवलं नाही तर शेती विभागाचा आकडा आणि लॅबचा आकडा कधीच एक येत नाहीत, आणि एका पडद्यावर दोन आकडे भांडताना दिसले की लोक पडद्यावरच्या कशावरच विश्वास ठेवत नाहीत. आमचं बरंच काम या जुळणीत गेलं. ते कुणाला दिसत नाही, पण त्यावरच बाकी सगळं उभं आहे.

इथेनॉलने उतारा आणखी अवघड केला. बी हेवी मळी किंवा थेट सिरप डिस्टिलरीकडे वळवलं की त्यातली साखर पोत्यात येत नाही आणि पोत्यांवरून काढलेला उतारा घसरलेला दिसतो. म्हणून वळवलेली साखर मिळवून काढलेला एक उतारा आणि पोत्यांचा एक, असे दोन लागतात. शेतकऱ्याच्या दराशी संबंध पहिल्याचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ऐन हंगामात केंद्राने रसापासून आणि सिरपपासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. सिरप वळवणं थांबलं आणि पोत्यांच्या उताऱ्याची रेघ चढली. शेतात काहीच बदललं नव्हतं. तेव्हापासून आमच्या आलेखावर अशा तारखेला उभी तुटक रेघ आणि दोन शब्दांची नोंद असते. आलेख काढणाऱ्याला जे माहीत आहे, ते पाहणाऱ्याला आलेखावरच कळलं पाहिजे.

तुलना कशाशी करायची, यावर बैठकीत बरीच चर्चा झाली. संपूर्ण हंगामाचं लक्ष्य समोर ठेवलं तर नोव्हेंबरभर पडदा लाल राहतो. ऊस तेव्हा भरलेलाच नसतो. थंडी पडते तशी उसात साखर भरत जाते, जानेवारी-फेब्रुवारीत उतारा टोकाला जातो आणि उन्हं तापली की घसरू लागतो. म्हणून गेल्या हंगामाशी तुलना. पण गेल्या हंगामातल्या कुठल्या दिवसाशी? कारखाना यंदा पंधरा दिवस उशिरा सुरू झाला असेल, तर हंगामाचा तिसावा दिवस तिसाव्याशी जोडणं उताऱ्यासाठी चूक ठरतं. ऊस कॅलेंडरप्रमाणे पिकतो, हंगामाची पहिली मोळी कधी टाकली त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. गाळपाचं उलट आहे. मिल सुरू झाल्यापासून किती दिवसांत पूर्ण गतीला आली, हे दिवसाला दिवस लावूनच कळतं. शेवटी उतारा तारखेप्रमाणे आणि गाळप हंगामाच्या दिवसाप्रमाणे असं ठरलं. शेतकी अधिकाऱ्यांनी हे एका वाक्यात उचललं. सॉफ्टवेअर कंपनीच्या तरुणांना समजावायला मात्र त्यांना उसाच्या फडात नेऊन उभं करावं लागलं.

एवढं सगळं केल्यावर उतारा खरा दिसू लागला. तरी तो पहिला प्रश्न शिल्लकच होता. उतारा घसरला, तर कोण उठून काय करणार? लागण आडसाली आहे की पूर्वहंगामी, सुरू आहे की खोडवा, जात को ८६०३२ आहे की आणखी कोणती, पाणी कसं मिळालं, हे सगळं वर्ष-दीड वर्षापूर्वी ठरून गेलेलं असतं. पडद्यावर येतो तेव्हा उतारा हा झालेल्या गोष्टींचा हिशेब असतो. त्यातला जो भाग आजही माणसाच्या हातात आहे, तो शोधायला हवा होता. तो सापडला उसाची तोड आणि गव्हाण, म्हणजे मिलकडे ऊस नेणारा पट्टा, यांच्या मधल्या वेळात. तुटलेल्या उसातली साखर थांबत नाही. ती मोडत जाते, उन्हात अधिक वेगाने. जळीत ऊस असेल तर आणखी घाई. चोवीस तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा, हे कारखान्यात सगळ्यांना पाठ असतं. पण तो वेळ आमच्याकडे कुठल्याही अहवालात नव्हता.

काट्यावरची वेळ होती. तोडीची वेळ चिटबॉय, म्हणजे फडावर नोंद ठेवणारा कारखान्याचा माणूस, पावतीवर लिहायचा, बहुतेकदा गाडी भरून झाल्यावर, आठवेल तशी. चिटबॉयांच्या हातात मोबाइलवरची नोंद दिली तेव्हा तो आकडा उभा राहिला. पहिल्यांदा सरासरी काढली आणि ती चांगली दिसली. सगळे समाधानी झाले. मग मी सरासरी काढून टाकली आणि प्रत्येक गटात चोवीस तासांपुढे गेलेल्या खेपा किती, छत्तीस तासांपुढे किती, एवढंच दाखवलं. चित्र पालटलं. जवळच्या गावांतला ऊस झटपट येत होता म्हणून सरासरी छान होती. लांबच्या दोन-तीन गटांतला ऊस फडातच वाळत होता. त्या गटांतल्या शेतकऱ्यांचं वजनही वाळण्यात जात होतं. सरासरीच्या आत ते शेतकरी दिसत नव्हते.

हा आकडा मी शेती विभागाच्या पडद्यावर सर्वांत वर, सर्वांत मोठा ठेवला. उताऱ्यापेक्षा मोठा. त्याला विरोध झाला, कारण पाहुणे आले की उतारा दाखवायचा असतो. पण शेतकी अधिकारी सकाळी तो पाहून कोणत्या गटात तोड थांबवायची, कुठे ट्रॅक्टर वाढवायचे, कुठल्या टोळीला दुसऱ्या फडात हलवायचं हे ठरवू लागले आणि विरोध मावळला. त्याच नोंदींतून एक छोटा पडदा केनयार्डातही लागला. कोणत्या नंबरच्या गाडीपर्यंत काटा आला आहे आणि साधारण किती वेळ लागेल, एवढंच त्यावर असतं. बैलगाडीवाल्यांना त्याचा सर्वांत जास्त उपयोग झाला. बैल सोडून चारा-पाणी करायला वेळ आहे की नाही, ते आता त्यांना कळतं. सगळ्या डॅशबोर्डात मला तो पडदा सर्वांत आवडतो.

एका मागणीला मात्र मी नकार दिला आणि त्यावर ठाम राहिले. कोयत्यामागे रोज किती टन तोड झाली, त्याची टोळीवार क्रमवारी मुकादमांच्या नावानिशी पडद्यावर लावावी, तळच्या नावांना लाल रंग द्यावा, अशी सूचना आली होती. ऊस उभा आहे की पडलेला, फड रस्त्यापासून किती लांब, वाहन वेळेवर आलं की नाही, टोळीत कोण आजारी आहे, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. बीडकडून घर सोडून आलेली, कोपीत राहणारी, पहाटे अंधारात फडात उतरणारी नवरा-बायको म्हणजे एक कोयता. त्यांच्या श्रमाचा असा एकांगी आकडा, ज्या पडद्यासमोर ती कधी उभी राहणार नाहीत त्यावर लावायचा, हे मला मान्य नव्हतं. नियोजनासाठी तो हिशेब शेती विभागाच्या नोंदवहीत आहे. तिथेच राहावा.

आकडा टांगला की माणसं आकड्याप्रमाणे वागू लागतात. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनधोरणाच्या संदर्भात हे सांगितलं. आम्ही ते बंद तासांत पाहिलं. खातेनिहाय बंद तास पडद्यावर आल्यावर ‘नो केन’, म्हणजे ऊसच नाही, या कारणाखालचे तास वाढू लागले. मिल दुरुस्तीला थांबली, तेवढ्यात यार्डही रिकामं झालं, तर कारण कोणतं लिहायचं? जो नोंद करतो त्याला सोयीचं. आता एकूण बंद तास मोठे दिसतात, कारणं त्याखाली बारीक, आणि प्रत्येक नोंदीवर मिल आणि शेती या दोन्ही बाजूंच्या पाळीप्रमुखांची संमती लागते. वाद कमी झाले असं नाही, पण आता ते पाळी संपायच्या आत होतात.

संचालकांच्या पानासाठी मी सर्वांत जास्त आग्रह धरला तो आकडा गाळपाचाही नाही आणि उताऱ्याचाही नाही. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं असतं. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. बिलं पंधरवड्याने निघतात. महिन्याच्या पहिल्या तारखेला घातलेला ऊस आणि पंधराव्या तारखेला घातलेला ऊस एकाच बिलात येतो. थकबाकीचे दिवस पंधरवडा संपल्यापासून मोजले तर पडदा चांगला दिसतो. पहिल्या तारखेच्या शेतकऱ्याचे चौदा दिवस मात्र तेव्हा संपलेले असतात. मी दिवस काट्यावरच्या पावतीपासून मोजले. “असं कशाला मोजता?” हा प्रश्न झाला, बँकेकडून साखर तारणावर उचल कधी मिळते आणि विक्रीचे पैसे कधी येतात, ही अडचणही समोर आली. अडचण खरी आहे आणि ती संचालकांनाच सोडवता येते, म्हणून तर तो आकडा त्यांच्या पानावर हवा. आज तो तिथे पहिल्या ओळीत आहे : चौदा दिवस उलटलेल्या खेपा, त्यांचे टन, त्यांची रक्कम आणि आजअखेर साठलेलं व्याज, गटवार.